हरणाबाईचं अस्तर

माझी थोरली बहीण विजयमाला सांगलीवाडीला दिलेली. सांगली शहरातून आयर्विन पूल ओलांडला की पलीकडच्या काठाला सांगलीवाडी. मला शहरातल्या मुलींच्या शाळेत मास्तरणीची नोकरी लागली तेव्हा मी तिच्याच घरी राहायला गेले आणि पुढं बरीच वर्षं तिथंच राहिले. तिचे यजमान नानासो, म्हणजे माझे दाजी, चित्रकार होते. घरची शेती थोरल्या भावाच्या हवाली करून ते तैलरंगात लोकांच्या तसबिरी काढून देत. परड्यातल्या गोठ्याची एक बाजू साफ करून, तिला मोठी खिडकी पाडून त्यांनी आपली खोली केली होती.

हरणाबाई जतकडची धनगरीण. दिवाळी झाली की तिकडचे धनगर मेंढरं घेऊन कृष्णाकाठी येत आणि शेतकरी खतासाठी आपल्या रानात मेंढरं बसवून घेत. एक्केचाळीस साली दाजींच्या भावानं बिराप्पा नावाच्या धनगराचा कळप बसवला होता. हरणाबाई ही त्याची बायको. दोघांना मूलबाळ नव्हतं. ती तेव्हा पस्तिशीची असेल; उंच, काटक, कपाळावर भलंमोठं कुंकू आणि बोलण्यात मधूनच एखादा कानडी शब्द. नदीवर मेंढरं धुताना एक कोकरू पाण्याबरोबर चाललं म्हणून ती धावली आणि शेवाळावरून घसरून पडली. घोट्याचं हाड मोडलं. हाडवैद्यानं कामट्या बांधल्या आणि उन्हाळ्यापर्यंत पाय टेकायचा नाही म्हणून सांगितलं.

कळपाला एका जागी थांबता येत नाही. रानातला चारा संपला की पुढं जावंच लागतं. बिराप्पा तिला घेऊन आमच्या अंगणात आला. विजयमालेला म्हणाला, "वयनी, हिला तुमच्या पदरात घालून जातो. माघारी जाताना न्हेतो." तिच्या दुधासाठी म्हणून एक शेळी त्यानं दारात बांधली आणि तो गेला. हरणाबाई त्या दिवशी भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. जेवलीही नाही.

दुसऱ्या दिवसापासून ती परड्यातल्या लिंबाखाली पाय लांब करून बसू लागली. हातांना काम नसलं की तिचा जीव घाबरा व्हायचा. लोकर पिंजून झाली, सूत कातून झालं, विजयमालेच्या पोतंभर शेंगा फोडून झाल्या. मग समोरच्या खोलीत दाजींची धडपड चालायची ती बघत बसणं एवढंच उरलं.

दाजींची धडपड अशी होती. तैलरंगाचं चित्र कोऱ्या कापडावर काढता येत नाही. तेल कापडात मुरतं, रंग काळवंडतो आणि काही वर्षांनी कापडच कुजतं. म्हणून आधी कातड्यापासून केलेला चिकट सरस लावून कापडाची भोकं बुजवायची, त्यावर पांढरं अस्तर चढवायचं आणि ते पक्कं वाळलं की मगच रंगाला हात घालायचा. असा तयार कॅनव्हास विलायतेहून मुंबईला यायचा आणि दाजी तो गुंडाळीनं मागवायचे. लढाई सुरू झाली आणि तो यायचा बंद झाला. मग त्यांनी पुस्तकात वाचून घरीच मांजरपाटावर अस्तर चढवायला घेतलं. रंगात त्यांचा हात फार चांगला होता, पण या कामाला लागणारा धीर त्यांच्याजवळ नव्हता. सरस उकळून करपवायचे. पहिला हात ओला असतानाच दुसरा मारायचे. कापड एका बाजूनं ताठ व्हायचं आणि दुसऱ्या बाजूनं झोळीसारखं लोंबायचं. वाळल्यावर अस्तराला भेगा पडायच्या. मग दाजी चौकट आपटायचे आणि पुलावर फिरायला निघून जायचे.

एक दिवस हरणाबाई म्हणाली, "नानासो, घोंगड्याला आमी खळ देतो, तशी ह्येला देऊन बघू का?"

धनगर चिंचोके भिजवून, वाटून, शिजवून त्याची खळ करतात आणि विणलेलं घोंगडं ताणून त्यावर ती कुंच्यानं चढवतात. घोंगडं ताठ होतं, पाणी अडवतं. दाजींना कल्पना पसंत पडली. हरणाबाईनं बसल्या जागेवरून चिंचोके वाटून घेतले, कापड कसं ताणायचं ते सांगितलं आणि खळ इतकी एकसारखी चढवली की दाजी खूश झाले. त्यावर त्यांनी शहरातल्या एका व्यापाऱ्याची तसबीर काढली. चित्र झकास उतरलं. पण ते द्यायच्या आधीच, भिंतीकडच्या बाजूनं झुरळांनी ती खळ खाल्ली आणि खळीबरोबर कापडही. शेटजींचा उजवा कान आणि निम्मं पागोटं गेलं. विजयमालेला हसू आवरेना. दाजींनी डोक्याला हात लावला. हरणाबाई मात्र दिवसभर ते खाल्लेलं कापड उलटसुलट करून बघत होती. संध्याकाळी तिनं दाजींना विचारलं, "तुमच्या त्या पुस्तकात काय सांगितलंय, त्ये मला सांगा. वाचून दावा."

दाजींनी वाचून दाखवलं. पुस्तकात सगळं नीट लिहिलेलं होतंच. ते दाजींच्या हातून निभत नव्हतं, इतकंच. हरणाबाईला मात्र दिवसच्या दिवस घालवायचे होते. गिरणीची खळ निघावी म्हणून ती मांजरपाट गरम पाण्यात भिजवून आपटून धुवायची. चौकटीवर ताणताना आधी चारी बाजूंच्या मध्यावर एकेक खिळा, मग तिथून कोपऱ्यांकडं. सरस रात्री भिजत घालायचा आणि सकाळी पातेल्यात पातेलं ठेवून मंद जाळावर विरघळवायचा. विजयमालेनं बजावलं होतं की कातड्याचा सरस माझ्या चुलीवर चढणार नाही. म्हणून परड्यात तीन दगडांची वेगळी चूल आली. सरस वाळला की पाय घासायच्या वजरीनं कापडाची कुसं घासायची. मग खडूची भुकटी, सफेदा आणि जवसाचं तेल घोटून केलेलं अस्तर, एक पातळ हात, पुन्हा वजरी, पुन्हा एक हात. दोन हातांच्या मध्ये ते वाळायला लागेल तितका वेळ द्यायचा.

होळीपर्यंत तिच्या हाताखालून निघालेल्या कापडावर दाजी निर्धास्त रंगवू लागले. चिरा गेल्या, लोंबणं गेलं. तिला एक खोड मात्र तेव्हापासून लागली ती कायमची. तयार झालेलं कापड तिच्यानं सोडवत नसे. दाजी मागायला आले की म्हणायची, "आजून वाळलं न्हाई." दाजी बोट लावून बघायचे, तर खडखडीत वाळलेलं असायचं. त्या पांढऱ्या अस्तरावरून ती पालथा हात फिरवत बसायची. चित्रांशी तिला फारसं देणंघेणं नव्हतं. रंग लागायला सुरुवात झाली की ती उठून शेळीकडं जायची. दाजी विजयमालेला म्हणायचे, "लेक सासरी धाडल्यासारखं करती ही बाई."

वळिवाच्या आधी बिराप्पा तिला न्यायला आला. कामट्या सुटल्या होत्या, पण हाड जरा वाकडं बसलं होतं. चार पावलं चालून तिनं त्याला दाखवलं. पाय ओढत होता. कळपामागं दिवसभर चालणं तिला जमणार नाही हे त्याला तिथंच कळलं. तो लिंबाखाली बसला, तिनं दिलेला चहा प्याला आणि वाळत ठेवलेल्या चौकटीकडं बघत म्हणाला, "ह्येच्यावर काय काडतीस?"

"मी काय न्हाई काडत. मी नुसतं पांढरं करती."

"सारा उन्हाळा?"

"व्हय."

बिराप्पानं यावर बराच विचार केला असावा. निघताना तो विजयमालेला एवढंच म्हणाला की ती इथं बरी दिसते, तर राहू दे. तेव्हापासून त्यांचा संसार असा झाला. दिवाळीनंतर कळप सांगलीवाडीच्या रानात उतरला की हरणाबाई पाल टाकलेल्या जागी जायची, त्याच्या भाकरी थापायची, कोकरांना नावं द्यायची. कळप पुढं गेला की आमच्या परड्यात परतायची. तो येताना तिला जवस आणायचा, त्यांच्याकडच्या कोरडवाहू रानातलं. घाण्यावर त्याचं तेल काढून ती बाटल्या उन्हात ठेवायची. तेल निवळून मधासारखं दिसू लागे. बिराप्पाच्या जवसाचं तेल लवकर वाळतं असं ती म्हणायची. दाजींना त्यात काही फरक दिसत नसे, पण ते मान डोलवायचे.

चव्वेचाळीस साली कराडकडच्या एका गावाहून केरबा आणि साळूबाई हे नवराबायको आले. केरबा पहिल्या लढाईतला शिपाई, मिशा पांढऱ्या झालेल्या, ताठ बसणारा. त्यांचा एकुलता मुलगा मानसिंग या लढाईत इटलीत पडला होता. पलटणीच्या पोशाखातला त्याचा फोटो केरबानं आणला होता आणि त्यावरून मोठी तसबीर हवी होती. साळूबाईनं पिशवीतून डाळिंबी रंगाचा फेटा काढला. गावच्या जत्रेत मानसिंगानं कुस्ती मारली तेव्हा त्याला बांधलेला. तिला पोरगा या फेट्यात हवा होता.

दोघांचं आधीच घरून यावरून वाजलं असणार. केरबा म्हणाला, तो शिपाई म्हणून गेला, शिपाई म्हणूनच दिसला पाहिजे. साळूबाई म्हणाली, त्या टोपीत मी त्याला कधी बघितलाच नाही, ते माझं पोर वाटत नाही. दाजींनी दोन तसबिरी सुचवल्या, तर दोघंही नको म्हणाले. एकच पोरगा, त्याची एकच तसबीर. शेवटी साळूबाई उठली आणि परड्यात जाऊन बसली. तिच्या मांडीवर तो फेटा तसाच होता.

हरणाबाई वजरीनं कापड घासत होती. मी शाळेतून नुकतीच आले होते आणि पायरीवर चहा घेत होते. साळूबाईनं हे काय म्हणून विचारलं, तेव्हा हरणाबाईनं सांगितलं: खाली कापड, वर सरस, मग हे पांढरं, आणि त्याच्यावर माणूस. साळूबाई बघत राहिली. मग म्हणाली, "आन् कापड कुठलं लागतंय?"

"सुती असलं म्हंजी झालं."

साळूबाईनं फेटा तिच्यापुढं ठेवला. हरणाबाईनं हात थांबवला. ती हळू आवाजात म्हणाली, "बाई, ह्यो पांढऱ्याखाली जाईल. परत डोळ्यांला दिसायचा न्हाई."

"न दिसंना. वर त्येचा बाप म्हंतो तसा असूं दे. खाली माझा असूं दे."

दाजी आधी तयार होईनात. फेट्याचं कापड तलम, चौकटीवर ताणलं तर फाटणार. शिवाय रंग कच्चा निघाला तर चित्र बिघडेल. पाहुणे त्या रात्री आमच्याकडंच राहिले, आणि दाजींच्याही डोक्यात रात्रभर तेच घोळत असावं. सकाळी त्यांनी गुंडा सुताराकडून सागवानी फळी आणवली. फळीवर सरसानं कापड चिकटवलं तर ताण पडणार नाही, असं त्यांनी हरणाबाईला समजावलं. फेट्याचा एक तुकडा कापायचा, बाकीचा साळूबाईकडं राहील. कात्री साळूबाईनंच चालवली. फळी केरबानं धरली. सरस थंड होतोय असं दिसलं तेव्हा चुलीत काटक्याही त्यानंच सारल्या.

हरणाबाईनं पहिल्यांदा चिकटवलेलं कापड मध्येच फुगलं. तिनं ते ओलं आहे तोवर उचललं आणि पुन्हा बसवलं, मध्यापासून कडेकडं तळहातानं हवा काढत. रंग कच्चाच निघाला. सरस गुलाबी झाला. पांढऱ्या अस्तराचा पहिला हात वाळला तोही गुलाबी. दुसरा हात, तिसरा हात. रंग फिका व्हायचा पण जायचा नाही. केरबा आणि साळूबाई केव्हाच गावी परतले होते आणि हरणाबाई त्या फळीपुढं रडकुंडीला आली होती. इतकी वर्षं पांढऱ्याशी तिची दोस्ती, आणि हे एक तिच्यानं पांढरं होईना. पाचव्या हाताला दाजींनी तिच्या हातातून कुंचला घेतला.

"राहू दे, हरणाबाई. पोराच्या तोंडाला त्यानं तजेला येईल."

आणि खरोखरच आला. दाजींनी काढलेल्या तसबिरींत मानसिंगाची ती तसबीर मला सगळ्यांत जिवंत वाटते. पोशाख होता, टोपी होती, छातीवर बिल्ला होता, आणि गालांवर नुकताच तालमीतून आल्यासारखी लाली. न्यायला आल्यावर केरबा तिच्यापुढं सावधान उभा राहिला. मग तो पायरीवर बसला. साळूबाईनं फळी उलटी केली. फेट्याची कड मागच्या बाजूला दुमडलेली होती आणि तेवढ्या पट्टीला हरणाबाईनं सरसही लावला नव्हता, अस्तरही नाही. साळूबाईनं त्या कडेवर बोटं ठेवली. जाताना साळूबाईनं हरणाबाईची ओटी भरली. मूल नसलेल्या बाईची ओटी कुणी सहसा भरत नसे. हरणाबाई ओटीतला तो नारळ कितीतरी दिवस फोडेना.

लढाई संपली. सेहेचाळीस साली मुंबईहून कॅनव्हासची गुंडाळी पुन्हा आली. दाजींनी ती हरणाबाईला दिसू नये म्हणून पलंगाखाली ढकलली. केर काढताना ती तिला सापडलीच. तिनं ती अंगणात उलगडली, हात फिरवला, वास घेतला.

"चांगलं हाय," ती दाजींना म्हणाली. "माझ्यापरीस सारकं हाय."

दुसऱ्या दिवशी तिनं आपलं घोंगडं आणि लुगडी बांधली आणि रानात उतरलेल्या कळपाकडं पाय ओढत निघून गेली. रागावून नव्हे; विजयमाला समजूत काढायला गेली तेव्हा तिनं साफ सांगितलं, काम नसताना बसून खाणं माझ्यानं होणार नाही. दाजींनी त्या आठवड्यात नव्या कॅनव्हासवर एक तसबीर सुरू केली आणि अर्धवट टाकून दिली. सारखे उठून परड्यात जायचे. चूल थंड, बाटल्या रिकाम्या. विजयमाला त्यांना म्हणाली, "आता तोंड पाडून काय उपयोग? जाऊन घेऊन या."

दाजी गेले. मीही बरोबर होते. हरणाबाई पालापुढं बसून पायाला तेल चोळत होती; कळपामागच्या चालण्यानं घोटा सुजला होता. दाजींनी तिला सांगितलं की विलायती कापड चांगलं असलं तरी मोठ्या मापाचं येत नाही, आणि मला तुझ्या कापडाची सवय लागली आहे. ती मान खाली घालून पाय चोळत राहिली. उत्तर बिराप्पानं दिलं. दाजींच्या भावाला उसाच्या राखणीला माणूस हवा होता, ते त्याच्या कानावर होतं. मेंढरं पुतण्या सिद्धूच्या ताब्यात देऊन आपण इथंच राहू म्हणाला.

हरणाबाईनं दचकून वर बघितलं. जन्मल्यापासून हा माणूस मेंढरांमागं चालत आलेला. "आवं, मेंढरांबिगर तुमाला करमंल व्हय?"

"मेंढरांला काय, कुणीबी चालतंय," बिराप्पा म्हणाला. "तुला न्हाई चालत."

उसाच्या फडाशेजारी त्यांना खोप मिळाली. बिराप्पाला पहिलं वर्ष फार जड गेलं. दिवाळीनंतर वाटेवरून परक्या कळपांचा आवाज आला की तो बांधावर जाऊन उभा राहायचा आणि हरणाबाई त्याला हाक न मारता भाकरी झाकून ठेवायची. हळूहळू तो परड्यात येऊ लागला. चौकटी ठोकू लागला, चूल राखू लागला. सरस ढवळताना तो मेंढरांशी बोलावं तसं कानडीत त्या पातेल्याशी बोलायचा.

अठ्ठेचाळीस साली साताऱ्याच्या एका शाळेच्या सभागृहासाठी दाजींना फार मोठ्या चित्राचं काम आलं. पुरुषभर उंचीहूनही मोठं कापड लागणार होतं. हरणाबाईनं मांजरपाटाचे दोन पन्हे जोडले, शिवण वजरीनं इतकी घासली की हाताला लागू नये. आमच्या परड्यात ते मावेना म्हणून खळ्यावर चौकट मांडली आणि तिनं नि बिराप्पानं मिळून दोन बाजूंनी अस्तर चढवत आणलं. चित्र तिथंच जाऊन काढायचं ठरलं होतं, म्हणून कोरं कापडच गुळाच्या ट्रकवर उभं बांधून साताऱ्याला निघालं. माझ्या शाळेला सुट्टी होती, म्हणून दाजी, हरणाबाई आणि बिराप्पाबरोबर मीही गेले. बिराप्पा वाटभर मागं उभा राहून चौकट धरून होता. कराडला ट्रक थांबला तेव्हा लोक जमले आणि एवढं काय झाकून नेताय म्हणून विचारू लागले. बिराप्पानं वर झाकलेला धडपा उचलून दाखवला. आत काहीच नाही हे बघून लोक हसले. तोही त्यांच्याबरोबर हसला आणि म्हणाला, "आमच्या हिनं क्येलंय."

सभागृहात चौकट उभी राहिली. दाजींनी कोळसा हातात घेतला आणि पहिली रेघ ओढण्याआधी हरणाबाईकडं बघितलं. तिनं नेहमीसारखं वाळलं नाही म्हटलं नाही. ती म्हणाली, "काडा आता," आणि बाहेर आली.

आम्ही तिघं बाजारात गेलो. हरणाबाईनं विजयमालेसाठी कंदी पेढे घेतले, बिराप्पानं अजिंक्यताऱ्याकडं बघत तिथं मेंढरांना चारा कसा असेल याची चौकशी केली. मोटारीला उशीर होता. स्टँडवरच्या बाकावर बिराप्पा बसल्या बसल्या झोपी गेला. हरणाबाईनं दुखरा पाय बाकावर घेतला, पेढ्याच्या पुड्यातला एक काढून मला दिला, एक आपण खाल्ला आणि एक त्याच्यासाठी पदराच्या टोकाला बांधून ठेवला.